मदत हवी आहे: क्लास स्विचिंगमध्ये डीएनएचा दुसरा धागा कापला कसा जातो?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात बीएस्सीच्या मुलांना इम्युनॉलॉजी शिकवते. बी पेशी आयजीएम प्रकारची प्रतिपिंडं सोडून आयजीजी किंवा आयजीई प्रकारची कशी बनवू लागते (हेच क्लास स्विचिंग), हे फळ्यावर काढून मुलांना कळेना. मग रविवार पेठेतून सॅटिनच्या दोन फिती आणल्या, लाल आणि पांढरी. एकेक फीत म्हणजे डीएनएचा एकेक धागा; एकमेकींना टाचल्या की झाला १४व्या गुणसूत्रावरचा प्रतिपिंडाच्या जनुकांचा पट्टा. डाव्या टोकाला व्हीडीजे (प्रतिपिंडाचा लक्ष्य ओळखणारा भाग), पुढे स्केचपेनने क्रमाने प्रकार ठरवणारी जनुकं: म्यू, डेल्टा, गॅमा ३, गॅमा १, अल्फा १, गॅमा २, गॅमा ४, एप्सिलॉन, अल्फा २. म्यू आणि गॅमा १ यांच्या अलीकडच्या स्विच भागांत (डीएनए कापून जोडला जातो त्या जागी) कात्री लावली, मधला तुकडा काढला, टोकं शिवली. आयजीजी १ तयार! गॅमा ३ गेला तो कायमचा, एप्सिलॉनकडे मात्र अजून जाता येतं. हे वर्गाला चटकन पटलं.

अडलं ते कापण्यापाशी. आधी स्विच भागावरून आरएनए तयार होतो. तो म्हणून हिरवी लोकर पांढऱ्या फितीला चिकटवली, लाल फीत कमानीसारखी सुटी राहिली. एआयडी एन्झाइम एकेरी, उघड्या धाग्यावरच काम करतं. ते डीएनएतल्या सायटोसिन या अक्षराचं युरॅसिल करतं, यूएनजी हे दुसरं एन्झाइम ते युरॅसिल काढून टाकतं, एपीई १ हे तिसरं तिथे खाच पाडतं. लाल फीत कापली, तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, पांढरी तर लोकरीखाली झाकलीय. तिला एआयडी शिवणार कसं?"

कात्री हातातच राहिली. दोन्ही धागे तुटल्याशिवाय तुकडा सुटणार नाही. मंगळवारी पुन्हा तास आहे आणि तिला नीट उत्तर द्यायचंय. कोणी सांगेल का?

प्रतिसाद:
ताई, त्या मुलीला शाबासकी द्या, संशोधकांनाही हेच कोडं होतं. २०११ मध्ये आरएनए एक्झोसोमचं नाव पुढे आलं. हे प्रथिनांचं संकुल आरएनए शेपटाकडून कुरतडतं. लोकर उसवली की पांढरी फीत उघडी! उंदराच्या बी पेशींत त्याचा एक घटक कमी केल्यावर स्विचिंग घटलं. शिवाय स्विच भागात एजीसीटी ही अक्षरं पुन्हापुन्हा येतात. समोरच्या धाग्यावरही ती एजीसीटीच वाचली जातात, म्हणून एआयडीच्या आवडीच्या जागा समोरासमोर येतात. फितींवर लिहूनच दाखवा.

धागाकर्ती:
मनापासून आभार! आजच लिहून बघते. फक्त एक सांगा, शेपटाकडून कुरतडायचं तर लोकरीचं मोकळं टोक, आरएनए बनवणारं एन्झाइम, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, अडून थांबतं, तिथेच दाखवायचं ना?