ऑरेगन स्टेटच्या यादीत खानखोजे हवेतच

अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठाचे सांगण्यासारखे माजी विद्यार्थी दोनच, रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि एन्व्हिडिया या चिप कंपनीचे जेन्सन हुआंग, असं एकाने म्हटलं आहे. पॉलिंगबद्दल वादच नाही. दोन नोबेल, आणि दोन्ही कुणाबरोबर वाटून न घेतलेली! पण आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचं नाव मराठी लोकांच्या चर्चेतही येऊ नये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे विद्यापीठ तेव्हा ऑरेगन अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेज होतं. खानखोजे तिथे, कॉर्व्हॅलिसला, शेतकी शिकले आणि नंतर शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सरकारी कॉलेजात (आताच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात) गेले. म्हणजे दोन्ही विद्यापीठांनी त्यांना आपलं म्हणावं. त्याच वर्षांत ते लाकूडगिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांमध्ये काम करत होते. १९१३ साली गदर चळवळ, म्हणजे परदेशातल्या भारतीयांची ब्रिटिश राजवटीविरुद्धची सशस्त्र क्रांतीची चळवळ, उभी राहिली ती या मजुरांच्या बळावर, आणि खानखोजे तिच्या सुरुवातीच्या फळीतले. भारतात परतायची वाट बंद झाल्यावर ते मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतकी शाळा काढल्या. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने काढलेल्या भित्तिचित्रात ते आहेत. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ साली नागपुरात वारले. त्यांच्या मुलीने, सावित्री साहनी यांनी, त्यांचं चरित्र लिहिलं आहे, ते जरूर मिळवून वाचा.