मदत हवी आहे: जुन्या ४०७ चा मागचा पत्रा गंजलाय, किती कापायचा आणि कसा जोडायचा?

नमस्कार मंडळी. गाडी टाटा ४०७, मॉडेल २००५, पासिंग एमएच ४०. बाबांनी २०११ मध्ये सेकंड हँड घेतली. तेव्हापासून काटोलकडची संत्री कळमना मार्केटला, आणि हंगाम नसला की खताची पोती, रेती, जे भाडं मिळेल ते. इंजिन, गिअरबॉक्स अजून ठणठणीत. हौद्याचा मागचा भाग मात्र हातचा जायची वेळ आली आहे.

फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या दाराच्या) खालच्या अंगाला रंग फुगला होता. मागच्या रविवारी पेचकसाचं टोक टेकवलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं आणि पापडासारखे थर खाली पडले. मग हातोडी घेऊन दोन्ही बाजूंचे पत्रे ठोकत गेलो. धड पत्रा टणकन वाजतो, गेलेला नुसता बद्द आवाज देतो. जिथं आवाज बदलला तिथं खडूनं रेघ मारली. दोन्हीकडे मागून साधारण दोन फूट आणि खालून आठ-नऊ इंच एवढा भाग गेलेला आहे. डावीकडची रेघ थेट मागच्या खांबाला भिडते, ज्यात फाळक्याची कडी अडकते.

गंज का लागला तेही कळलं. संत्र्यांखाली आम्ही तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरतो. माल उतरला की हौदा झाडतो, पण कोपऱ्यातल्या दुमडीत तणस दाबून बसतं आणि फुटलेल्या फळांचा रस शोषून घेतं. वर पोटॅशच्या पोत्यांतून सांडलेलं खत, म्हणजे मीठच ते. पकडीनं ओढलं तर आंबट वासाचा काळा गठ्ठा निघाला. नागपुरात मे महिना सुरू आहे, अंगणात उभं राहवत नाही, आणि तो गठ्ठा आतून ओला होता.

तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजात हेच काम करून घेतलं होतं. त्यांनी गंज न कापता वरूनच नवा पत्रा ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग मारलं. दुसऱ्या पावसाळ्यात कडा फाटल्या, आत पाणी कोंडलेलं. पैसे गेले ते गेले, पण तेव्हा तळहाताएवढा असलेला गंज आज दोन फूट झालाय, हे जास्त लागतं मनाला.

आता दोन ठिकाणी विचारून आलोय. एक जण म्हणतो, "भाऊ, पूर्ण हौदाच नवा टाका न, कटकट नाही." तेवढी ऐपत सध्या नाही. दुसरा १८ गेजचा जीपी (जस्त चढवलेला) पत्रा लावून देतो म्हणतो. मी धड भाग व्हर्नियरनं मोजला तर १.६ मिमी भरला, म्हणजे १६ गेज. १८ गेज त्याहून पातळ, तो लावू का? जोड समोरासमोर घ्यायचा की एकावर एक? खांब कापला तर फाळका पुन्हा नीट बसेल का? महिनाअखेर गाडीची फिटनेस तपासणी आहे, तिथं काही अडचण येईल का?

आणखी एक. फाळक्याच्या मधल्या पत्र्यावर बाबांनी गाडी आणली त्या आठवड्यात आईचं नाव रंगवून घेतलं होतं. आई आता नाही. नवा फाळका घेणं सोपं पडेल हे मला कळतं, पण तेवढा पत्रा वाचवायचा आहे. बाबा स्वतःहून काही म्हणाले नाहीत. गाडी धुताना तिथं मात्र ते स्वतः फडकं मारतात.

प्रतिसाद (हिंगण्याहून, बॉडीकामातला)

दादा, खडूच्या रेघेवर थांबू नका. रेघेच्या पुढं दोन इंच ग्राइंडर मारून पाहा. पांढरा लखलखीत पत्रा दिसला आणि त्यात काळे ठिपके नसले, तरच तिथून कापा. कुजक्या कडेवर वेल्डिंग धरत नाही, भोक पडत जातं.

पत्रा १६ गेजच घ्या. जीपी चालेल, पण जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर इंचभर घासून काढायला सांगा आणि काम मोकळ्यावर करा. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, मी भोगलंय. जोड समोरासमोर घेतलेला उत्तम. एकावर एक घ्यावाच लागला तर छपरावरच्या कवेलूसारखा घ्या, वरचा पत्रा बाहेरून खालच्यावर, म्हणजे पाणी निथळून जातं. तुमच्या आधीच्या ठिगळाला वरची कड उघडी होती, तिथूनच पाणी शिरलं असणार.

खांब कापण्याआधी दोन्ही खांबांच्या मध्ये वर आणि खाली अँगल टाकून टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते टाके) मारा. फाळका बंद असताना चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. नवा खांब बसला की तीच मापं आली पाहिजेत, मग कडी आपोआप बसते. टाके एका ओळीत मारू नका. इथं एक, तिकडं एक, मध्ये पत्रा गार होऊ द्या, नाहीतर लाट येते.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि अल्टरनेटरची जोडणी काढा, डिझेल टाकी उतरवा, अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा. चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि हौदा यांच्यामधली लाकडी पट्टी पेट घेते, म्हणून गॅस कटिंग टाळा, कटिंग व्हील वापरा. हौदा मागून जरा उचलून त्या लाकडाखाली चॅसी हातोडीनं ठोकून पाहाच. तिथं गंज खोल गेला असेल तर आधी चॅसीचं बघा. तिच्यावर आडवं वेल्डिंग कुणालाही मारू देऊ नका.

नुसत्या रेडऑक्साइड प्रायमरवर भागणार नाही. उघड्या लोखंडाला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, जोडावर सीलर, खांबाच्या पोकळीत आतून मेण फवारून घ्या. कोपऱ्यात १२ मिमीचं भोक ठेवा, म्हणजे रस साचणार नाही. दर फेरीनंतर तिथलं तणस हातानं काढायचं, झाडूवर सोडायचं नाही.

फिटनेससाठी लांबी, रुंदी, उंची आहे तीच ठेवा. मापं बदलली तर तो गाडीतला बदल ठरतो आणि आरटीओची परवानगी लागते. मागची लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टी नवीन लावायला विसरू नका.

नावाचा पत्रा वाचेल. तो पूर्ण कापून घ्या, फाळक्याची चौकट नवी करा आणि पत्रा तिच्यात वेल्डिंगऐवजी रिव्हेटनं बसवा, मध्ये सीलर भरून. आच लागली नाही तर रंग जळत नाही. त्यासाठी अक्षरांच्या चारी बाजूंनी दोन इंच धड पत्रा हवा. तेवढा आहे का, ते मोजून सांगा.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. चष्मा लावून ते टेप घेऊन गाडीमागं गेले, मी टॉर्च धरला. वर आणि बाजूंना भरपूर जागा आहे. खाली शेवटच्या अक्षराच्या वेलांटीपासून गंजापर्यंत पावणेतीन इंच.