मदत हवी आहे: खुनाच्या खटल्यातील शिक्षेविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते का?

कळवेकर:
नमस्कार. खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने गेल्या आठवड्यात शिक्षा सुनावली असून ती आम्हाला मुळीच मान्य नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३४ मध्ये फौजदारी प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करण्याची तरतूद आहे, असे वाचले. ठाण्याहून थेट दिल्लीला जाता येईल का आणि मुदत किती, एवढेच कृपया सांगावे. आईने अन्न सोडले आहे. आम्हाला वेळ दवडायचा नाही.

निवृत्त शिरस्तेदार:
थेट जाता येत नाही. पहिले अपील मुंबई उच्च न्यायालयातच करावे लागते. आरोपीसाठी त्याची मुदत ६० दिवस असून नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. म्हणून नकलेचा अर्ज आजच द्या, आणि नकलेवरील शिक्क्यात अर्जाची, नक्कल तयार झाल्याची व ती दिल्याची, अशा तिन्ही तारखा स्पष्ट उमटल्या आहेत ना, हे खिडकीवरून हलण्यापूर्वी पाहून घ्या. एका पुसट तारखेपायी लोकांना पुन्हा खेटे घालावे लागलेले मी पाहिले आहे.

तलावपाळी:
माझ्या चुलतभावाने कारागृहातूनच अधिकाऱ्यांमार्फत अपील पाठवले होते आणि विधी सेवा प्राधिकरणाने त्याला विनामूल्य वकील दिला. तुम्हीही तोच मार्ग धरावा. पुढे राज्यपालांकडे अनुच्छेद १६१ खाली दयेचा अर्जही करता येतो.

वाशीची वकील:
प्रश्नकर्ते कोणत्या बाजूचे आहेत, हेच अजून कळलेले नाही. आरोपी तुमचा नातेवाईक आहे की मयत?

कळवेकर:
दयेचा अर्ज आम्ही कशाला करू? मारला गेला तो माझा धाकटा भाऊ. मारणाऱ्याला अवघी दहा वर्षे झाली. फाशी नाही तर निदान जन्मठेप तरी व्हायला हवी होती.

तलावपाळी:
क्षमा करा, दादा. मी माझ्याच घरचे धरून चाललो.

निवृत्त शिरस्तेदार:
मग तुम्हाला अपील नाही. शिक्षा अपुरी आहे म्हणून अपील फक्त सरकार करू शकते. परविंदर कन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले आहे. सरकारी वकिलांना लेखी निवेदन द्या.

सानपाडा:
असे कसे? अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालय कोणत्याही न्यायालयाच्या निकालाविरुद्ध विशेष अनुमती देऊ शकते. उच्च न्यायालयात वर्षे घालवण्यापेक्षा सरळ तिकडेच जावे.

वाशीची वकील:
अनुच्छेद १३६ हा न्यायालयाचा स्वेच्छाधिकार आहे, पक्षकाराचा हक्क नव्हे, आणि उच्च न्यायालयाचा मार्ग खुला असताना ती अनुमती मिळण्याची आशा धरू नये. अनुच्छेद १३४ मधील हक्कही फार मर्यादित आहे: उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवून फाशी दिली, किंवा खटला स्वतःकडे घेऊन फाशी दिली, तरच तो आपोआप मिळतो, एरवी उच्च न्यायालयाचे प्रमाणपत्र लागते. १९७० च्या कायद्याने त्यात जन्मठेप आणि दहा वर्षे वा अधिक कारावास यांची भर पडली. हा हक्क शिक्षा झालेल्याचा आहे, मयताच्या कुटुंबाचा नाही.

मात्र शिरस्तेदारसाहेबांचे उत्तर तुम्हाला लागू होईलच असे नाही. खून सिद्ध झाला, तर फाशी किंवा जन्मठेप यांखेरीज शिक्षा देताच येत नाही. दहा वर्षे झाली, याचा अर्थ कलम बदलले असावे. निकालपत्रातील अंतिम आदेश पाहून कलम सांगा.

कळवेकर:
आत्ताच काढून वाचले. ‘कलम ३०२ खाली निर्दोष, कलम ३०४ भाग दोन खाली दोषी’ असे शेवटून दुसऱ्या पानावर आहे. न्यायालयात आम्ही दहा वर्षे एवढेच ऐकले होते. हे कोणी समजावून सांगितले नाही.

निवृत्त शिरस्तेदार:
असे असेल तर माझे उत्तर मी मागे घेतो.

वाशीची वकील:
तर तुम्हाला अपील आहे. कलम ३०२ म्हणजे खून, आणि कलम ३०४ भाग दोन म्हणजे खून न ठरणारा सदोष मनुष्यवध. आरोपीला कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी धरले, तर पीडिताला अपिलाचा स्वतंत्र हक्क ३१ डिसेंबर २००९ पासून आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३७२ होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४१३. पीडित या शब्दात कायदेशीर वारसही येतात, म्हणून अपील आईच्या नावे करा. मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणातील २०१८ च्या निकालानुसार पीडिताला आधी परवानगी मागावी लागत नाही. अपिलात ‘शिक्षा वाढवा’ असे नव्हे, तर ‘खुनाचे कलम लावा’ असे मागा. मुदतीचा वाद नको म्हणून ६० दिवसांच्या आतच दाखल करा.

कळवेकर:
नकलेचा अर्ज उद्या सकाळी देतो. वकीलपत्रावर आईचा अंगठा चालेल ना? तिला सही येत नाही.

वाशीची वकील:
चालेल. अंगठ्याशेजारी तिचे नाव लिहून ओळख पटवणाऱ्याची सही घ्या.