सत्ता हाती नसताना रोममध्ये ख्रिस्ती धर्म वाढला कसा?

अबोली (मडगाव)

गेल्या रविवारी आमच्या वाड्यावर फेस्त होतं. शेजारच्या आंटीने दरवर्षीसारखं दोस आणि बेबिंक पाठवलं. अकरावीतला माझा मुलगा खाता खाता म्हणाला, "आई, येशूला क्रुसावर चढवलं ते रोमन लोकांनीच ना? मग रोमच्याच बादशहाने त्याचा धर्म कसा घेतला?" मी मराठीची शिक्षिका. आकाशात क्रूस दिसला आणि कॉन्स्टंटाइनचं मन पालटलं, इथवर माझी गाडी जाते आणि अडते.

आपल्याला या गोष्टीचा एकच क्रम ठाऊक आहे. आधी पोर्तुगीजांची गलबतं, मग किल्ला, मग चर्च. आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा, मूळची केळशीची. सोळाव्या शतकात देवीला जुवारीपलीकडे न्यावं लागलं, हे आजीच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले. रोममध्ये मात्र पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांकडे ना गलबत, ना किल्ला. उलट सापडला की सिंहापुढे. मग लोक त्यात गेले कशाला? भांडण नको, माहिती हवी.

सरळसोट

राजा बोले दल हाले. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइन मिल्व्हियन पुलाजवळची लढाई जिंकला, ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, ३८० मध्ये थिओडोसियस बादशहाने तोच राज्याचा धर्म ठरवला. त्याआधी मूठभर लोक होते. विषय संपला. बेबिंक उरलं असेल तर कळवा.

जुना हिशोबनीस (फोंडा)

सरळसोटभाऊ, विषय संपला नाही, तुम्ही वही शेवटच्या पानावर उघडलीत. मी चौतीस वर्षं एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. ताळेबंदाचा आकडा खरा की खोटा हे किर्द बघितल्याशिवाय कळत नाही. तेव्हा किर्दीकडे येऊ.

पहिल्यांदा तुमचे 'मूठभर'. रॉडनी स्टार्क नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक अंदाज मांडला. शिरगणती नव्हे, अंदाजच. इ.स. ४० मध्ये एक हजार ख्रिस्ती धरा आणि दर दहा वर्षांनी चाळीस टक्के वाढ धरा. इ.स. ३०० पर्यंत आकडा साठ लाखांच्या वर जातो. साम्राज्याची वस्ती साधारण सहा कोटी मानतात, म्हणजे दहातला एक. चाळीस टक्के ऐकून डोळे पांढरे होतात, पण वर्षाचा दर काढा: ३.४ टक्के. सेव्हिंग खात्याचं व्याज! चमत्कार नाही, लाट नाही, नुसतं चक्रवाढ. अडीचशे वर्षं खातं मोडलं नाही, इतकंच. आणि कॉन्स्टंटाइनने हात घातला तेव्हा ते खातं चांगलंच फुगलेलं होतं.

आता खातं मोडलं का नाही, ते सांगतो.

माझ्या एका मित्राचे पाय (वडील हो, पाद्री नव्हे) तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी होते. गावातला मुलगा बोटीवर नोकरी शोधायला मुंबईला निघाला की धोबी तलावाला आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात उतरायचा. नाव सांगितलं, गाव सांगितलं, की पेटी ठेवायला जागा आणि चटई मिळायची. भिंतीला गावच्या सायबाची (संताची) वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स (जपमाळेची प्रार्थना). बोट मिळेपर्यंत तो त्या अफाट शहरात एकटा नसायचा. पौल म्हणजे पहिल्या शतकात शहरोशहरी फिरून येशूचा धर्म सांगणारा. त्याची पत्रं वाचताना मला ती कूड दिसते. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो फीबी नावाच्या बाईची शिफारस करतो. ती करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातली. तिला सामावून घ्या, लागेल ती मदत करा, तिने पुष्कळांना हात दिला आहे, असा त्याचा मजकूर. तो स्वतः तंबू शिवणारा. करिंथात उतरला तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे, तेही त्याच धंद्यातले, क्लॉडियस बादशहाने ज्यूंना रोमबाहेर काढलं तेव्हा आलेले. फिलिप्पैत त्याला घरी ठेवून घेणारी लुदिया जांभळं कापड विकणारी. बघा, सगळी फिरती, कारागीर, धंदेवाईक माणसं. त्यांच्यासाठी बंदराबंदरात एकेक कूड उभी राहिली.

या कुडींचा पाया ज्यू लोकांनी आधीच घातला होता, हे विसरू नये. शहरोशहरी त्यांची सभास्थानं होती आणि त्यांच्या एका देवाकडे ओढलेले, पण सुंतेला बिचकणारे ग्रीक लोक दारात घुटमळत होते. इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमला ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या बैठकीत ज्यू नसलेल्यांना सुंतेची सक्ती नको असं ठरलं आणि दार उघडलं. भाषा ग्रीक, बाजारात चालणारी. अबोलीबाय, तुम्ही मराठीच्या, म्हणून सांगतो: आपल्या सासष्टीत फादर स्टीफन्सनी क्रिस्तपुराणासाठी मराठी ओवी धरली, तीही अशीच. ज्या बोलीत लोक कान देतात त्या बोलीत सांगायचं.

आता माझा आवडीचा भाग, पैसे. रोममध्ये गरिबांच्या अंत्यविधीसाठी मंडळं असत, आपल्या भिशीसारखी. लानुव्हियम गावच्या अशा एका मंडळाचे नियम इ.स. १३६ मध्ये दगडावर कोरलेले सापडले आहेत. प्रवेश फी शंभर सेस्टर्स (रोमन नाणी) आणि चांगल्या दारूचा एक रांजण (या अटीवर आमच्या पतसंस्थेत सभासद दुप्पट झाले असते), महिन्याला पाच आस (तांब्याची चिल्लर), आणि मेल्यावर क्रियाकर्माला तीनशे सेस्टर्स. नियम स्वच्छ, पण भरणाऱ्यालाच मिळणार. इ.स. १९७ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियन आपल्या मंडळीची पेटी कशी चालते ते सांगतो: महिन्यातून एकदा, ज्याला जमेल त्याने, जमेल तेवढं टाकायचं, जबरदस्ती नाही. ते पैसे जेवणावळीत जात नाहीत. गरिबांचं पोट आणि त्यांचं दफन, पोरकी मुलं, घरात पडून असलेले म्हातारे, जहाज फुटलेले, खाणीत आणि तुरुंगात डांबलेले, यांच्यावर खर्च होतात. म्हणजे ज्याने दमडी भरली नाही त्याच्या नावावरही खर्च पडतो! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हिशोबनीस म्हणून माझ्या पोटात गोळा आला. अशी संस्था बुडायला हवी.

बुडाली नाही. इ.स. २५१ चं रोमचा बिशप कॉर्नेलियस याचं पत्र आहे. त्यात मंडळीची माणसं मोजली आहेत: ४६ पाद्री, ७ डीकन (पाद्र्यांच्या हाताखालचे सेवक), ७ उपडीकन, ४२ मदतनीस, शिवाय भुतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२. आणि पोसले जाणारे विधवा आणि गरीब, दीड हजारांवर. एवढी रोज लागणारी यादी ठेवायची तर नोंदी हव्या, कोठार हवं, माणसं हवी. सरकारी नव्हे, देवळाचीही नव्हे, अशी व्यवस्था शहरात त्या वेळी दुसरी कुठली?

आणखी एक यादी सांगतो आणि थांबतो. डायोक्लेशियन बादशहाच्या छळाच्या हुकमाने ३०३ साली उत्तर आफ्रिकेत किर्ता गावी चर्चवर धाड पडली. कारकुनाने जप्तीची यादी केली. सोन्याचे दोन आणि चांदीचे सहा प्याले, ते ठीक. पुढे: बायकांचे अंगरखे ८२, पुरुषांचे १६, डोईवरची वस्त्रं ३८, पुरुषांच्या चपलांचे जोड १३, बायकांचे ४७. तो खजिना नव्हता हो, वाटायचे कपडे होते. पुरुषांच्या जोडांपुढे बायकांचे जोड साडेतीन पटींहून जास्त. कोण येत होतं दारात, ते यादी सांगते.

सिंहांचं: तो छळ खरा, पण बहुतेक काळ तो कुठेतरी, केव्हातरी. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) सुभेदार प्लिनी बादशहा ट्रेजनला विचारतो, या लोकांचं करू काय? देवळं ओस पडलेली, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक नाही, श्रावणात आपल्या मासळी बाजाराचं होतं तसं. माहिती काढायला त्याने दोन दासींचा छळ केला, ज्यांना ते लोक सेविका म्हणत. ट्रेजन म्हणतो, शोधत फिरू नका, निनावी अर्ज घेऊ नका. राज्यभर सक्तीचा हुकूम निघाला तो थेट २५० मध्ये, डेसियस बादशहाचा: देवाला बळी द्या आणि दाखला घ्या. असे चाळीसहून जास्त दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडले. काहींनी चिरीमिरी देऊन बळीशिवाय दाखला मिळवला. दाखल्याची गोष्ट आहे, गोंयकाराला जास्त सांगायला नको.

रातपाळी

मी नर्स आहे, इतिहासातली नाही. हिशोबनीसकाकांनी साथीचं सोडलं म्हणून लिहिते.

२४९ पासून दहा-बारा वर्षं साम्राज्यात मोठी साथ फिरत होती. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचंच नाव पडलं. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की आमची माणसं आजाऱ्यांपाशी बसली, त्यांना धुतलं-पुसलं आणि त्यांच्यामागोमाग मेली. बाकीचे जिवंत माणसालाही रस्त्यावर टाकून पळाले. हे त्यांनी स्वतःबद्दलच लिहिलंय, तेवढं वजा करून वाचा. पण औषध नसताना पाणी देणं, पेज भरवणं, कूस बदलणं, अंग पुसणं यानेच किती माणसं तगतात, ते मी कोविडच्या वॉर्डात बघितलं. त्या काळी ज्याच्या उशाशी कुणी बसलं तो वाचला असेल, तर बरा झाल्यावर तो कुणाकडे जाईल?

आणि मुली. इजिप्तमधला एक मजूर इ.स.पू. १ मध्ये अलेक्झांड्रियाहून गरोदर बायकोला पत्र पाठवतो. मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. त्याच पत्रात तिची काळजीही करतो, राक्षस नव्हे तो, रीतच तशी होती. ज्यू आणि ख्रिस्ती लोकांनी मूल टाकायला मनाई केली. त्या ४७ जोडांमागे हेही असेल, असं मला वाटतं.

सरळसोट

काका, ताई, दोघांनाही +१. पण फार गोड होतंय. मी दुसरी बाजू मांडतो. कॉन्स्टंटाइनने पाद्र्यांना नगराच्या खर्चिक जबाबदाऱ्यांतून सूट दिली आणि श्रीमंत माणसं पाद्री व्हायला धावली, इतकी की त्यालाच निर्बंध घालावे लागले. तो स्वतः बाप्तिस्मा घेतो ३३७ मध्ये, मरायला टेकल्यावर. ३२१ मध्ये सुट्टी ठरवतो ती सूर्याच्या वाराला. पुढे थिओडोसियसच्या राज्यात यज्ञबळींवर बंदी येते, अलेक्झांड्रियातलं सेरापिसचं प्रचंड देऊळ पाडलं जातं आणि ४१५ मध्ये त्याच शहरात हायपेशिया या विदुषीला ख्रिस्ती जमाव ठार मारतो. अबोलीताईंचा क्रम तिथेही शेवटी आलाच की.

जुना हिशोबनीस (फोंडा)

आला. ते पान मी फाडणार नाही. खाली दहातला एक असताना वरून शाही ठेव आली आणि ती आली की कुठल्याही संस्थेचं जे होतं तेच झालं. पण अबोलीबायनी विचारलं होतं किल्ल्याआधीचं.

आणि विरोधकाची साक्ष घ्या. ज्युलियन बादशहा, राज्य ३६१ ते ३६३. ख्रिस्ती घरात वाढला आणि जुन्या देवांकडे परतला. गलातिया प्रांताच्या मुख्य पुजाऱ्याला तो वैतागून लिहितो की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) आपले गरीब पोसतातच, वर आमचेही पोसतात, आणि आमच्यांना आमच्याकडून मदत मिळत नाही ही लाज आहे. म्हणून दरवर्षी तीस हजार माप धान्य मंजूर करतो आणि शहरोशहरी धर्मशाळा उभारा म्हणतो. दोन वर्षांत इराणच्या स्वारीवर तो मेला. धान्य बादशहा देऊ शकत होता. पेटीत दर महिन्याला नाणं टाकायची दोनशे वर्षांची सवय कुठून आणणार?

अबोली (मडगाव)

सगळ्यांचे आभार. मुलाने मोबाइलवर १००० ला १.४ ने सव्वीस वेळा गुणून बघितलं, त्रेसष्ट लाख येतात म्हणे, काका पास. आता त्याचा नवा प्रश्न: धाडीत जप्त केलेल्या चपलांची यादी इतकी वर्षं जपली कुणी?

जुना हिशोबनीस (फोंडा)

त्यांच्या आपसातल्या भांडणाने. धाडीच्या वेळी वस्तू काढून देणाऱ्यांत सिल्व्हानस नावाचा उपडीकन होता. छळ सरला आणि तोच किर्ताचा बिशप झाला. मग विरोधी गटाने ३२० साली हाकिमापुढे ते जुनं दप्तर उघडून वाचून दाखवलं, की बघा, यानेच माल दिला होता. आमच्याकडेही वार्षिक सभेत गट पडले की वीस वर्षांपूर्वीची व्हाउचरं बाहेर यायची. शांतता असती तर ती रद्दीत गेली असती.