व्हिएतनामची किनारपट्टी: दहा दिवस पुरतील का?

प्रश्न: फेब्रुवारीत आई-वडिलांना घेऊन हनोई, हा लाँग, ह्यूए, होई आन, न्हा त्रांग आणि हो ची मिन्ह सिटी एवढे सगळे १० दिवसांत बसवावे, की काही गाळावे?

प्रतिसाद: अवश्य गाळावे. देश नकाशावर चिंचोळा दिसत असला, तरी हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे आणि प्रत्येक मुक्कामबदलात सामान आवरण्यापासून नवी खोली ताब्यात मिळेपर्यंत अर्धा दिवस जातो. न्हा त्रांग सोडून होई आनला तीन रात्री द्याव्यात. लांबचे टप्पे विमानाने करावेत. ह्यूए ते दा नांग (होई आनसाठी जवळचे रेल्वे स्थानक) हा टप्पा मात्र रेल्वेनेच, आणि तेही डावीकडच्या खिडकीशी बसून, कारण हाय व्हान घाटात रूळ समुद्राच्या अगदी कडेने जातात.

प्रतिसाद: सहमत. मात्र तारखा ठरवण्याआधी ‘तेत’, म्हणजे तिथले चांद्र नववर्ष, कधी आहे ते पाहावे. त्या आठवड्यात तिकिटे मिळणे मुश्कील होते आणि बरीच दुकाने बंद असतात.

प्रतिसाद: फेब्रुवारीत हा लाँगला धुके आणि रिमझिम असू शकते. तिथे बोटीवरची एक रात्र पुरे.