सहा माणसांसाठी तीन रांगांची गाडी: तिसऱ्या रांगेत खरोखर बसता येते का?

घोडबंदरकर

नमस्कार. घरात आम्ही सहा जण आहोत: आम्ही दोघे, १४ आणि ९ वर्षांची मुले, आणि माझे आईवडील. आईला गुडघेदुखी आहे, वडील चांगले उंच आहेत. गणपतीला आणि मे महिन्यात चिपळूणजवळच्या गावी सगळ्यांनी मिळून जायचे असते. एरवी गाडी घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतच चालणार. मधल्या रांगेत सलग बाकाऐवजी दोन सुटी आसने हवी आहेत, म्हणून मारुती एक्सएल६, किआ कॅरेन्स क्लाव्हिसचा सहा आसनी प्रकार आणि टोयोटा इनोव्हा हायक्रॉस या तीन गाड्या विचारात आहेत. इंजिन आणि मायलेज यांची माहिती भरपूर मिळते, म्हणून आतली जागा आणि चढउतार यांविषयी जाणकारांनी सांगावे. सोसायटीत यांत्रिक पार्किंग आहे.

खारघरवासी

मधल्या रांगेत दोन सुटी आसने घेण्याचा तुमचा विचार योग्य आहे, कारण तिथे सलग बाक असेल तर मुलांना मागे जाता यावे म्हणून प्रत्येक थांब्यावर कोणाला तरी खाली उतरून आसन दुमडावे लागते, आणि ते काम बहुधा ज्येष्ठांच्याच वाट्याला येते. सुट्या आसनांमधून मुले मागे सरकू शकतात. मात्र हातटेकणी वर केल्यावर तिथे किती वाट उरते, ते धाकट्याला प्रत्यक्ष जायला लावूनच पाहा.

शोरूममध्ये तिसरी रांग दाखवताना मधले आसन पुढे ओढलेले असते आणि मधली रांग दाखवताना तेच मागे ढकललेले असते, त्यामुळे दोन्हीकडे जागा ऐसपैस वाटते. तुम्ही आधी वडिलांना मधल्या आसनावर त्यांच्या सोयीने बसवा आणि आसन तिथून न हलवता मोठ्या मुलाला त्यांच्या मागे बसायला सांगा. मागच्या चाकांमुळे आणि आसाच्या रचनेमुळे तिसऱ्या रांगेत आसनाच्या मानाने जमीन उंच असते. गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार कंबरेवर पडतो. नऊ वर्षांच्या मुलाला हे जाणवणार नाही, पण मोठा मुलगा आता भराभर उंच होईल. या कसोटीवर तिघींत हायक्रॉस सरस आहे. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २८५० मि.मी. आहे, क्लाव्हिसचे २७८० आणि एक्सएल६ चे २७४०.

आईंना मात्र मी पुढे, चालकाशेजारी बसवीन. तिथे दार मोठे उघडते आणि पाय वळवून बाहेर काढणे सोपे जाते.

ऐरोलीकर

सामानाचा प्रश्न अजून कोणी काढलेला नाही. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी एक्सएल६ मध्ये २०९ लिटर, क्लाव्हिसमध्ये २१६ आणि हायक्रॉसमध्ये ३०० लिटर मिळते. सहा जण बसणार म्हणजे मागचे आसन पाडून जागा करण्याची सोय तुम्हाला नाही. गणपतीच्या सामानासाठी पहिल्या दोन गाड्यांना टपावर कॅरियर लागेल असे धरून चाला, आणि एक्सएल६ सीएनजीवर घेणार असाल तर डिकीतली बरीचशी जागा सिलिंडरच व्यापतो.

माजिवड्याहून

खारघरवासी यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी रोज कोंडीत हायक्रॉससारखी ४७५५ मि.मी. लांबीची गाडी वागवणे मला पटत नाही. क्लाव्हिस ४५५० मि.मी. आहे, एक्सएल६ ४४४५. शिवाय क्लाव्हिसमध्ये मधल्या आणि तिसऱ्या, दोन्ही रांगांसाठी छतात एसीचे झरोके आहेत. मे महिन्यात मागे बसलेल्या मुलांना गुडघ्यांच्या दोन बोटे जास्त जागेपेक्षा थंड हवेचा झोत अधिक मोलाचा वाटेल. गाडी उन्हात उभी ठेवून मग एसी लावा आणि तिसऱ्या रांगेत बसून, हवा पोहोचायला किती वेळ लागतो ते पाहा.

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. पार्किंगचा पत्रा मोजला. हायक्रॉस बसते, पण पुढेमागे जेमतेम वीतभर जागा उरते, आणि वजनाची मर्यादा देखभाल करणाऱ्या कंपनीला विचारावी लागेल. ते उत्तर येईपर्यंत क्लाव्हिस पुढे आहे. रविवारी वडील आणि दोन्ही मुलांना घेऊन शोरूमला जातो. आईला पुढे बसवण्याचे माझ्या मनातही आले नव्हते, पण तिला ते लगेच पटले. पत्नी मधल्या रांगेत वडिलांच्या शेजारी बसेल. एक शंका उरते: क्लाव्हिसमध्ये तिसऱ्या रांगेची पाठ मागे कलवल्यावर डिकीत मोठी बॅग उभी राहते का? कोणी वापरत असल्यास कृपया कळवावे.