कॉम्पॅक्ट की डीएसएलआर? कोकणात कॅमेरा सांभाळलेल्यांनो, अनुभव लिहा

अबोली_दापोली

गणपतीला भाची आली होती. कपाट उघडून माझा जुना चंदेरी कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणारा कॅमेरा शोधून काढला आणि गौरी-विसर्जनापर्यंत मनगटातून सोडला नाही. फोन असताना हे कशाला विचारलं तर म्हणे, "मावशी, सीसीडी सेन्सर आहे हा, आता सगळ्यांना हाच हवा असतो." याच डब्यावरून २०११ मध्ये आमच्या घरी आठवडाभर अबोला होता हे तिला काय माहीत!

कॅननचा ११००डी तेव्हा नुकताच आला होता. ह्यांचं म्हणणं, घ्यायचा तर डीएसएलआर, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा. माझं म्हणणं, हर्णैच्या बंदरावर एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात साडी वर धरलेली, तो धोंडा गळ्यात घालून चिखलात मी उतरणार नाही. शेवटी कॉम्पॅक्ट आला. दिवसाउजेडी फोटो झकास. होड्यांकडून बैलगाड्या पाण्यातून येतात ना, ते तर आजही भिंतीवर आहेत. पण लिलाव रंगतो संध्याकाळी, उजेड उतरल्यावर. बटण दाबावं, कॅमेऱ्याने विचार करावा, मग फोटो निघावा. तोवर सुरमई विकून पाटीतून गेलेली असायची. माझ्याकडे लिलावाच्या रिकाम्या पुळणीचे भरपूर फोटो आहेत.

तुम्ही काय घेतलंत, का घेतलंत आणि आपल्या हवेत त्याचं काय झालं ते लिहा. तिकडे राहणारे आणि चाकरमानी, दोघेही.

वाशिष्ठीकाठ

मोठ्या भावाचा डीएसएलआर. दिवाळीत घेतला, मे महिन्यात भरपूर वापरला, जूनमध्ये त्याच्याच बॅगेत घालून गोदरेजच्या कपाटात. गणपतीत काढला तर कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या किट लेन्सच्या आत पांढरट नक्षी, बारीक बारीक फांद्या फुटलेल्या. बुरशी. दुकानदाराने दिलेली ती मऊ अस्तराची बॅगच ओल धरून ठेवते. काळोख, बंद हवा, दमटपणा, तिला आणखी काय हवं.

मग शिकलो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. ६० च्या वर बराच काळ राहिला की बुरशीला आमंत्रण. जेल निळ्याचं गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर परतायचं, परत निळं होतं. त्या कढईत परत पोहे करायचे नाहीत, हे आईने बजावून सांगितलंय.

बाकी त्या डब्याची गंमत वेगळीच. २२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणवाल्यांना सांगायला नको. आम्ही वर शेजाऱ्यांकडे, खाली घर पाण्यात. ओसरल्यावर आलो तर कपाट आडवं, दारं उघडी, फ्रिज स्वयंपाकघरातून पडवीत आणि कॅमेऱ्याचा डबा तरंगत जाऊन पोटमाळ्याच्या फळीला अडकलेला. वर चिखलाचा थर. आतला काटा ४५ वर.

टिंबटिंब

वाशिष्ठीकाठ, काटा आला अंगावर. तुमचं घर बाजारपेठेकडे का? माझी आत्या तिथेच.

वाशिष्ठीकाठ

हो, बाजारपूलच्या अलीकडे. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

मोरी_भात

दशावताराचे फोटो काढूचे असतीत तर कॉम्पॅक्ट घेवन जाव नकात. नाटक सुरू होता मध्यरातीक, उजेड म्हणजे दोन टूबलायटी, आणि संकासुर काय तुमच्यासाठी एका जागेर उभो रवता? तो आधीच काळो, मागे काळोख. माझ्या फोटोत फकत तेचे डोळे इले. फ्लॅश मारलंय तर पेटीवालो हार्मोनियम थांबवन माझ्याकडे बघूक लागलो.

मगे मावसभावाचो निकॉन डी३२०० नेलंय, वर ५० एमएम एफ/१.८, जास्त उजेड घेणारी लेन्स. फ्लॅश नको काय नको. राजाच्या मुकुटावरची टिकली न टिकली दिसता. ती लेन्स स्वस्तातली हा, आणि थयसर तीच कामाक येता.

सड्यावरचा

तेचे डोळे इले! वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो.

कोपऱ्यातला_काका

मोरी_भात यांच्या मुद्द्याला जोडून थोडं शास्त्र. त्या काळच्या साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांत सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, साधारण ६.२ गुणिले ४.६ मिमीचा, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. एंट्री लेव्हल डीएसएलआरचा, निकॉनमध्ये साधारण २३.५ गुणिले १५.६, कॅननमध्ये थोडा कमी. क्षेत्रफळात बारापट वगैरे फरक. रात्री जो खेळ होतो तो या जागेचा, मेगापिक्सेलचा नाही. ११००डी फक्त १२ मेगापिक्सेलचा होता आणि त्याच वेळी शेजारच्या काचेच्या कपाटात १४ आणि १६ चे स्टिकर लावलेले कॉम्पॅक्ट अर्ध्याहून कमी किमतीत. विक्रेता अर्थातच स्टिकर वाचून दाखवायचा.

दुसरं. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ५० एमएम घेताना 'एएफ-एस' लिहिलेली, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेली, पाहून घ्या. जुनी 'डी' लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने करावा लागेल. संकासुरावर हाताने फोकस करून दाखवणाऱ्याला माझ्याकडून सोलकढी.

तिसरं, २०१२ मध्ये सोनीचा आरएक्स१०० आला. खिशात मावणारा, सेन्सर १३.२ गुणिले ८.८, झूम न करता लेन्स एफ/१.८. ज्यांना दोन्ही हवं होतं त्यांच्यासाठी तोच होता. पण तेवढ्या पैशांत किट लेन्ससकट डीएसएलआर यायचा, आणि 'एवढे पैसे देऊन एवढासाच?' हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी.

अबोली_दापोली

काका, हा शेवटचा प्रश्न ह्यांनी शब्दशः विचारला होता.

खाजणातली_बगळी

पक्षीवाली लिहितेय, त्यामुळे माझं मत आधीच ठरलेलं. कॉम्पॅक्टने समुद्री गरुडाचा फोटो म्हणजे आकाशात एक टिंब. पण म्हणून १८-५५ किट लेन्स लावलेल्या डीएसएलआरने काही वेगळं होत नाही, टिंब थोडं स्वच्छ येतं इतकंच. लोकांना वाटतं मोठा कॅमेरा म्हणजे लांबचं दिसणार. लांबचं दिसतं ते लेन्सने, आणि ती वेगळी घ्यावी लागते. ५५-२५० ची लांबची लेन्स घेतल्यावर माझं खरं काम सुरू झालं. धनेशाची जोडी उंबरावर आली की आता चोचीवरचा शिंगासारखा उंचवटासुद्धा नीट येतो.

वेळासच्या कासव महोत्सवाबद्दल थोडं जळफळून. पिल्लं सोडतात तेव्हा फ्लॅश बंद ठेवा म्हणून स्वयंसेवक घसा फोडून सांगतात. फ्लॅश बंद करतात लोक, पण कॉम्पॅक्टवर फोकससाठी जो नारिंगी दिवा लागतो तो कोणाला ठाऊकच नसतो. मेनूत जाऊन तोही बंद करा. उजेडाने पिल्लांची दिशा चुकते, एवढं साधं आहे. आणि डीएसएलआरवाल्यांनो, दोरीच्या पहिल्या रांगेत ट्रायपॉड पसरून बसू नका, मागे लहान मुलं असतात. कॅमेरा मोठा झाला की माणसाचा आवाजही का मोठा होतो कळत नाही.

टिंबटिंब

वेळासला कुठे उतरता? आम्ही ज्या काकूंकडे राहिलो त्यांच्या हातची कुळथाची पिठी आणि मऊ भात. फोटो काढायचे राहूनच गेले.

खाजणातली_बगळी

घरगुती सोय गावात बऱ्याच ठिकाणी होते. मार्चच्या शनिवार-रविवारी मात्र आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका.

चाकरमानी_जनरल_डबा

तुमचं ते सेन्सरचं वगैरे बरोबर असेल. मी गणपतीच्या गाडीने जातो. दाराशी एका पायावर. एका खांद्यावर कपड्यांची बॅग, दुसऱ्यावर मखराचं सामान, मध्ये डीएसएलआर कुठे टांगू? म्हणून माझ्याकडे पहिल्यापासून खिशातला, पेन्सिल सेलवर चालणारा. मित्र हसायचे, खेळणं म्हणायचे.

निसर्ग वादळ ३ जून २०२०. आम्ही टाळेबंदीमुळे गावालाच, दापोलीच्या खाली. दुपारपर्यंत पत्रे उडून गेले. संध्याकाळी बागेत गेलो तर सुपारी सगळी एका दिशेला झोपलेली, माड मधूनच पिळून तुटलेले, फणस मुळासकट. वीज गेली ती किती दिवस विचारू नका. खांबच नव्हते. सगळ्यांचे फोन मेले. पंचनाम्याला फोटो लावा म्हणाले, काढणार कशाने? वाडीत एक शिकाऊ फोटोग्राफर आहे, त्याच्याकडे चांगला डीएसएलआर, पण बॅटरी संपली तर चार्ज कुठे करायची?

माझ्या खेळण्यात घड्याळातले आणि रिमोटमधले सेल काढून घातले. ते लगेच उतरायचे. मग दुकानदाराने ट्रान्झिस्टरसाठी ठेवलेला पुडा दिला, पैसे नंतर दे म्हणाला. अख्ख्या वाडीच्या बागा मी फिरलो. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी घरातला एक माणूस उभा करायचा, म्हणजे कोणाची बाग ते कळतं. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख यायची, ती सोय मी कधी वापरली नव्हती, तेव्हा चालू केली. एका आजीने फोटोसाठी पदर नीट केला, मागे तिचं सगळं आडवं पडलेलं. दापोलीला जनरेटरवर प्रिंट काढून आणल्या.

अबोली_दापोली

आमच्याही मुरुडकडच्या बागेचं तेच. तुम्ही परत लावलीत का सुपारी?

चाकरमानी_जनरल_डबा

लावली. धरायला पाच-सात वर्षं लागतातच. मध्ये केळी आणि थोडी जायफळं. भाऊ बघतो. वानर केळी ठेवतात तेवढी आपली.

अबोली_दापोली

वानरांवर वेगळा धागा काढा कोणीतरी, हजार प्रतिसाद येतील.

रेतीतला_रेडा

खिशातल्याचं कौतुक चाललंय म्हणून दुसरी बाजू. त्यांची लेन्स चालू केल्यावर बाहेर येते, बंद केल्यावर आत जाते. गुहागरच्या किनाऱ्यावर वारा होता. वाळूचा एक कण त्या नळीत गेला, कर्रर्र झालं आणि पडद्यावर लेन्स एरर. अर्धी बाहेर, अर्धी आत. दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात नवा आला असता. तेव्हापासून किनाऱ्यावर पारदर्शक पिशवीत, लेन्सपुरतं भोक आणि रबर.

डीएसएलआरलाही किनाऱ्यावर लेन्स बदलू नका रे. वाळूचं सोडा, खाऱ्या तुषारांचा जो चिकट थर बसतो तो आधी फुंकून, मग किंचित ओलसर कापडाने पुसायचा. सुक्या कापडाने घासलात तर ओरखडे. आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढू नका, काचेवर वाफ धरते. बॅगेत बंद राहू दे थोडा वेळ.

तारकर्लीला पाण्यात उतरणाऱ्यांनी जलरोधक कॉम्पॅक्टच घ्यावा. वर आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, नाहीतर झाकणाच्या रबरावर मीठ धरतं.

सड्यावरचा

माझा विषय कातळशिल्पं. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की जमिनीवरून एका फोटोत नीट बसतच नाही. मला वाटायचं डीएसएलआरने बसेल. कॅननवर किट लेन्सचे १८ म्हणजे ३५ एमएम फिल्मच्या हिशेबात सुमारे २९, आणि आकडा जितका लहान तितकं रुंद दिसतं. माझा कॉम्पॅक्ट २८ पासून सुरू होतो. म्हणजे रुंदीत काहीच फायदा नाही, उलट कॉम्पॅक्ट काठीला बांधून डोक्यावर धरता येतो. टायमर लावायचा आणि उचलायचा. गुराखी विचारतात, पाऊस मोजताय का.

दुपारी बारा वाजता जाऊ नका. कातळ पांढरा पडतो, रेषा दिसत नाहीत. उन्हं तिरपी असताना खोदलेल्या रेषेत सावली बसते, तेव्हा कुठलाही कॅमेरा चालतो. शिल्पावर पाणी ओतून किंवा खडूने गिरवून फोटो काढणारे भेटले तर हात जोडून थांबवा.

नवीन_पगार

धागा छान पण मुद्द्याचं कोणी सांगेना. पहिल्या पगारातून घ्यायचाय. रत्नागिरीत राहते. आता काय घेऊ?

कोपऱ्यातला_काका

आता कंपन्यांचा सगळा भर मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे, त्यामुळे एंट्री डीएसएलआर वापरलेले बरेच स्वस्तात मिळतात. पहिल्या पगाराला तेच बरं. घेताना लेन्सच्या मागच्या बाजूने मोबाइलची बॅटरी मारून आत बघा, बुरशी लगेच दिसते. किनाऱ्यावरचा कॅमेरा असेल तर सेलच्या कप्प्यातले पत्रे आणि वरची फ्लॅश बसवायची खाच गंजलीय का बघा. शटर किती वेळा उडालंय, म्हणजे किती फोटो काढलेत, तेही विचारा. फक्त घरचे सण आणि फिरणं असेल तर हातातला फोन पुरे, पैसे ५० एमएमसारख्या एखाद्या लेन्सच्या दिशेने जाणार असतील तरच बॉडी घ्या. आणि तो डबा आधी घ्या, कॅमेरा नंतर.

नवीन_पगार

सिलिका जेल रत्नागिरीत कुठे मिळेल?

वाशिष्ठीकाठ

कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे सुटं मिळतं. चपलांच्या खोक्यातल्या पुड्या नकोत, त्या आधीच ओल पिऊन गप्प झालेल्या असतात.

नवीन_पगार

धन्यवाद दादा. मोरी_भात, दशावतार बघायचाय, जत्रा कधी?

मोरी_भात

त्रिपुरी पुनवेनंतर सुरू होतत, गावागावची तिथी वेगळी. पंचांग बघून सांगतंय. रातभर जागूची तयारी करून ये, मधी चाय मिळता. खाजा घेवक पिशवी हाड, थय प्लास्टिक बंद केल्यानी.